बोंडावरची टोपी

ऑफिस टाइमचं रोप विकायला फार सोपं. फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत सकाळी दहा-साडेदहाला गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की राणी, केशरी, पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांनी भरलेल्या ट्रेसमोर त्याचे पाय थांबतातच. दर परवडतो, काडी खोचली तरी जगते, दोन दिवस पाणी घालायचं राहिलं तरी काही बिघडत नाही. हेच रोप ओळखायला मात्र अवघड, आणि त्याची ओळख पटवण्यात माझ्या उमेदीची बरीच वर्षं गेली. त्याबद्दल लिहावंसं वाटतं, कारण आमच्या धंद्यात रोपाच्या नावाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि लोक मात्र त्या नावावर विसंबून रोप घरी नेतात. कधीकधी ते ताटातही वाढतात.

आमची नर्सरी पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, उरुळी कांचनच्या अलीकडे. या पट्ट्यात नर्सऱ्या पुष्कळ. शोभेचा बराच माल आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतो. रात्री ट्रक लागतो, उजाडेपर्यंत माल उतरवून सावलीत मांडावा लागतो. ट्रेवरच्या चिठ्ठीत रंग लिहिलेला असतो: पिंक, येलो, मिक्स. ऑफिस टाइम, चिनी गुलाब, मॉस रोझ, पोर्टुलाका ही सगळी एकाच रोपाची नावं असं धरून बाजार चालतो. गिऱ्हाइकाला रंग हवा असतो, व्यापाऱ्याला खप. दोघांचंही काम नावावाचून अडत नाही.

माझं अडलं ते पावसाळ्यात. एका वर्षी जूनच्या शेवटी झड लागली. शेजारी शेजारी मांडलेल्या दोन ट्रेंपैकी एकातली रोपं तीन-चार दिवसांत बुडापासून काळी पडून लोळली. दुसऱ्या ट्रेतली फुलं थांबली, पण रोपं तग धरून राहिली. माती एक, कुंड्या एक, चिठ्ठीवरचं नाव एक. कामावरच्या मावशी म्हणाल्या, "बाई, ही दोन वाणं वेगळी आहेत. पानं बघा ना." पानं वेगळी होतीच. मेलेल्या रोपांची पानं दंडगोल, टोकदार, बोटाने दाबली की रस सुटावा अशी. तगलेल्यांची चपटी, टोकाकडे रुंद. आम्ही तोवर त्यांना 'बारीक पान' आणि 'जाड पान' म्हणत होतो आणि एकाच वाणाचे दोन प्रकार समजत होतो. एक जात आणि दुसरी जात यांत नेमकं काय वेगळं धरायचं, हे मात्र आमच्यापैकी कुणाला सांगता येत नव्हतं.

ते शिकवलं एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी. त्या नर्सरीत तुळशीची रोपं न्यायला यायच्या आणि पर्समध्ये दहा पटींचं भिंग ठेवायच्या. मी मोठ्या हौसेने दोन्ही पानांच्या कुंड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. ताज्या फुलांकडे त्यांनी पाहिलंही नाही. "आजचं फूल राहू द्या," म्हणाल्या, "कालचं, परवाचं दाखवा. वाळलेलं एखादं बोंड आहे का?" मग तिथेच पोत्यावर बसून त्यांनी चपट्या पानाच्या रोपावरचं वाळकं बोंड चिमटीत धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं.

या वंशातल्या सगळ्या वनस्पतींचं बोंड आडवं फुटतं. वरचा भाग टोपी उतरवावी तसा अलगद निघतो आणि खालच्या वाटीत बारीक बिया उघड्या पडतात. चपट्या पानाच्या त्या रोपाच्या वाटीला टोपीच्या सांध्याखाली एक पातळ, पापुद्र्यासारखं कडं होतं. दंडगोल पानाच्या रोपाचं बोंड आम्ही मग शोधून काढलं. त्याला असं कडं नव्हतं. "हे कडं ज्याला आहे ते पोर्टुलाका अम्ब्रॅटिकोला," बाई म्हणाल्या. "आणि ज्याला नाही, ज्याच्या पानांच्या बेचक्यात लांब पांढरे केस आहेत, ते ग्रँडिफ्लोरा. जगभरच्या नर्सऱ्यांत या दोघांची सरमिसळ आहे, तुमच्याकडेच आहे असं नाही."

त्या दिवसापासून माझं रोपाकडे बघणं बदललं. फूल हे ओळखीचं सर्वांत मोठं चिन्ह असं आपण लहानपणापासून मानतो. शाळेच्या तक्त्यावरही फूलच मोठं काढलेलं असतं. या रोपात फूल जवळजवळ काहीच सांगत नाही. राणी रंगाचं, पाच पाकळ्यांचं, मध्ये पिवळे पुंकेसर असलेलं फूल ग्रँडिफ्लोराचं असू शकतं आणि अम्ब्रॅटिकोलाचंही. पानं फसवू शकतात, कारण सावलीत वाढलेल्या रोपाचं पान रुंदावतं, पाण्याच्या ताणात आखडतं. रंग तर पैदास करणाऱ्यांच्या हातातला. बेचक्यातले केस आणि बोंड मात्र फारसे बदलत नाहीत. केस दिसायला सकाळची तिरपी उन्हं बरी. बोंड बघायला फूल मिटल्यावर आठ-दहा दिवस वाट बघावी लागते. बहुतेक लोक तेवढं थांबत नाहीत. फूल गळलं की कुंडीवरची नजर निघून जाते.

ग्रँडिफ्लोरा दक्षिण अमेरिकेतली: अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील. जॉन गिलीज नावाच्या डॉक्टरला ती अर्जेंटिनात मेंडोझाच्या वाटेवर रेताड जमिनीत पसरलेली दिसली आणि 1829 साली विल्यम हूकरने तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. मेंडोझाचा तो भाग कोरडा, अँडीज पर्वताच्या पावसाच्या सावलीतला. हे वाचल्यावर आमच्या ट्रेतली मर मला समजली. रेतीत, कोरड्या उन्हात घडलेलं रोप आपण कोकोपीटच्या ओल्या गोळ्यात बसवतो आणि वर पुण्याचा जुलै. मी मिश्रण बदललं. लाल माती कमी, विटांचा चुरा आणि जाड वाळू जास्त, शेणखत मूठभर, तेही पूर्ण कुजलेलं. ट्रकमधून येणारं कोकोपीट मुळांवरून शक्य तेवढं झाडून टाकायचं. कुंडीखाली विटेचे तुकडे, म्हणजे भोकं जमिनीला चिकटत नाहीत. पावसात ग्रँडिफ्लोराला वरून प्लॅस्टिकचं छत, बाजू उघड्या. अम्ब्रॅटिकोला बाहेर राहिली तरी चालते. एका नावाच्या दोन जाती झाल्या म्हणजे निगाही दोन झाल्या.

माझं लहानपण वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात गेलं. तिथे या घराण्याची माझी ओळख फुलांच्याही आधीची होती, पण ती विळी आणि तव्याच्या बाजूने. उन्हाळ्याच्या तोंडाशी चिवळ निघते. विदर्भातल्या माणसाला चिवळ म्हटलं की काय होतं ते सांगावं लागत नाही. ती बारीक पानांची, जमिनीला चिकटून पसरणारी भाजी निवडायला जीव खाते. माती जाईपर्यंत चार पाण्यांनी धुवावी लागते. मग मूगडाळ घालून किंवा बेसन पेरून करायची, वर लसणाची फोडणी. पावसाळ्यात आणि ओलिताच्या वावरात घोळ. ती मांसल, लालसर देठाची, जरा आंबट. ही घोळ म्हणजे पोर्टुलाका ओलेरेसिया आणि ती चिवळ म्हणजे पोर्टुलाका क्वाड्रिफिडा, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. थिओडोर कुकचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात छापला गेला, त्यात या दोन्ही भाज्या आहेत. प्राध्यापक बाईंनी मला तो ग्रंथालयात बसवून दाखवला तेव्हा आईच्या हातची भाजी लॅटिन नावाखाली पाहून मला विलक्षण आनंद झाला होता.

चिवळ ओळखायची सोपी खूण म्हणजे समोरासमोर पानं, पेऱ्यापेऱ्याला केसांची झुबकी आणि चार पाकळ्यांचं इवलं पिवळं फूल. घोळीच्या फुलाला बहुधा पाच पाकळ्या, पानं गुळगुळीत, बेचक्यात केस जवळजवळ नाहीतच. चिवळ प्रत्येक पेऱ्यातून मूळ सोडत जाते, म्हणून उपटायला गेलं की तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पुन्हा धरतो. नर्सरीत या दोघी तण म्हणून येतात. तिसरी येते पिलोसा, तिचे केस दाट आणि फूल गुलाबी-जांभळं, पण नखाएवढं. तिला बारीक फुलाचा ऑफिस टाइम समजून कुंडीत जपणारे मी पाहिले आहेत. ती आपोआप बी धरते आणि शेजारच्या साऱ्या कुंड्या बळकावते.

आईने मला भाजी खुडताना एकच गोष्ट ठामपणे शिकवली होती: देठ मोडून बघ. मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, टाकून दे. जमिनीवर पसरणाऱ्या दुधीच्या जाती, म्हणजे युफोर्बियाच्या, लांबून चिवळीसारख्या दिसतात आणि त्यांचा चीक पोटात जाणं वाईट. घोळीच्या देठातून पाण्यासारखा स्वच्छ रस येतो. ट्रायन्थेमा नावाचं आणखी एक तण घोळीच्या इतकं जवळचं दिसतं की त्याच्या शास्त्रीय नावातच पोर्टुलाकाचा उल्लेख आहे. त्याला चीक नसतो, म्हणून ही परीक्षा त्याला लागू पडत नाही. त्याची पानं समोरासमोर पण जोडीत एक मोठं, एक लहान असतं, आणि फूल पिवळं नसून पांढरं किंवा गुलाबी. एवढं माहीत असल्याशिवाय रानातली भाजी ताटात घेऊ नये असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

ही कळकळ एका दुपारमुळे आहे. नागपूरकडच्या एक आजी नातवाच्या गाडीतून नर्सरीत आल्या होत्या. नातू कुंड्या बघत होता आणि आजी चपट्या पानाच्या ट्रेपुढे वाकून पदरात शेंडे खुडत होत्या. मी धावत गेले. "आजी, हे खायचं नाही." त्या म्हणाल्या, "वा बाई, घोळ नाही ओळखत का मी? जन्म गेला माझा." आणि खरंच, फुलं मिटलेली होती, पानं चपटी, देठ लालसर, त्या क्षणी दोन्हींतला फरक सांगायला वाळकं बोंडच हवं होतं. ते शोधून मी त्यांच्या तळहातावर ठेवलं, कडं दाखवलं. भिंग डोळ्याला लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग मी दुसरं सांगितलं, जे जास्त महत्त्वाचं होतं: शोभेच्या रोपांवर पिठ्या ढेकणासाठी आम्ही औषध घालतो, ते मुळातून शोषलं जाऊन पानापानात उतरतं आणि आठवडे राहतं. कोणत्याही नर्सरीतल्या कुंडीचा पाला, जात कुठलीही असो, भाजीला चालत नाही. आजींनी पदर झटकला. जाताना मी त्यांना आमच्या कडेच्या वाफ्यातली, औषधाचा थेंब न लागलेली घोळ मुळासकट दिली. तेव्हापासून एक वाफा मी भाजीसाठीच ठेवते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांना मात्र आधीच सांगते, घोळीत ऑक्झॅलेट भरपूर आहे, बेताने खा.

घोळीच्या आंबटपणाबद्दल गावाकडच्या बाया जे बोलतात ते मी पुढे पुस्तकात वाचलं. पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळच्या घोळीपेक्षा आंबट लागते, विशेषतः पाण्याचा ताण असताना. कारण असं की ताणात आलेलं हे रोप दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतं, रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतं. दिवसा ते आम्ल वापरून साखर करतं. निवडुंगाची हीच रीत. पण घोळ एवढ्यावर थांबत नाही. पाणी मुबलक असेल तेव्हा ती मक्या-उसाच्या पद्धतीने, म्हणजे सी-4 रीतीने, भर उन्हात झपाट्याने वाढते. दोन्ही रीती एकाच रोपात असणं फार दुर्मीळ. 2022 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की घोळीत या दोन्ही क्रिया पानातल्या त्याच पेशींत, एकमेकींत गुंतून चालतात. उन्हाळ्यात फरशीच्या फटीत हिरवीगार घोळ दिसते ती या बळावर. आणि निवडुंगांशी असलेलं नातं निव्वळ सवयीपुरतं नाही; वंशवृक्षात पोर्टुलाका निवडुंग कुळाच्या अगदी शेजारच्या फांदीवर बसते. उलट आपल्याकडे 'जेड' म्हणून विकली जाणारी पोर्टुलाकारिया नावाने इतकी जवळची असूनही आता वेगळ्या कुळात धरली जाते.

उपटलेली घोळ बांधावर टाकू नये हेही शेतकऱ्याला ठाऊक असतं. मांसल देठातल्या पाण्यावर ती बांधावरच बी पिकवते. हाच हट्ट मला हर्बेरियमसाठी नमुना वाळवताना भोवला. कागदात दाबून ठेवलेली फांदी दोन आठवड्यांनी उघडली तर टोकाला नवी पानं फुटलेली. बाईंनी मग युक्ती सांगितली: मांसल वनस्पती आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायची, मग दाबायची. कोरेगाव रोडला भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथल्या वाळलेल्या नमुन्यांच्या पानांवर फुलांचे रंग केव्हाच उडून गेलेले असतात, पण बोंड आणि केस तसेच्या तसे. ते कपाट पाहिल्यावर बाई मला बोंडाकडे का वळवत होत्या ते पुरतं उमगलं.

ऊन हा या रोपाचा प्राण, आणि तिथेच गिऱ्हाइकांची सर्वांत जास्त निराशा होते. एका गृहसंकुलाने उत्तरेकडच्या बाल्कन्यांसाठी एकदम मोठी मागणी नोंदवली. मी आधी जागा बघायला गेले. दुपारी तिथे वर्तमानपत्र सहज वाचता येत होतं, पण उन्हाची तिरीप येत नव्हती. मी व्यवस्थापकांना सांगितलं की इथे फुलं उमलणार नाहीत, देठ लांबतील, पानं विरळ होतील. "ताई, उजेड तर भरपूर आहे," ते म्हणाले. उजेड आणि ऊन या रोपाला एक नाहीत. दिवसाचे सहा तास थेट ऊन मिळालं तर ते भरगच्च वाढतं; त्याहून कमी मिळालं की कळ्या धरतं पण त्या उघडत नाहीत, आणि ढगाळ दिवशी तर उन्हातलंही फूल अर्धवट राहतं. त्यांच्या बाल्कनीसाठी मी सिंगोनियम आणि स्पायडर प्लांट दिले, ऑफिस टाइम गच्चीवर लावायला सांगितला. गच्चीवरची रोपं पुढच्या उन्हाळ्यात कठड्यावरून खाली उतरली होती. मागणी मूळच्या निम्मीच राहिली, पण तिथले लोक अजून माझ्याकडेच येतात.

एका बँकेत काम करणाऱ्या बाईंचं म्हणणं माझ्या मनात कायम राहिलं. "मी साडेआठला निघते तेव्हा मिटलेली असतात, सातला येते तेव्हा मिटलेली. रविवारी तेवढी दिसतात." फूल एकाच दिवसाचं, सकाळी ऊन तापलं की उघडतं, दुपार कलली की मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. त्यांना मी गुलबक्षीचं रोप दिलं, संध्याकाळी फुलणारं. ऑफिस टाइम आणि गुलबक्षी यांच्यात आणखी एक धागा आहे. जास्वंद, गोकर्ण, गुलाब यांचे लाल-निळे रंग अँथोसायनिन या द्रव्यांचे. ऑफिस टाइम, गुलबक्षी, बोगनवेल, बीट आणि लाल माठ यांचे रंग बीटालेन नावाच्या निराळ्या द्रव्यांचे. एकाच वनस्पतीत हे दोन्ही गट आजवर सापडलेले नाहीत. बीटालेन तयार करणारं कळीचं विकर ज्या जनुकातून घडतं, ते जनुक वनस्पतींत पहिल्यांदा ओळखलं गेलं ते 2004 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात, आणि त्यासाठी वापरलेलं रोप होतं पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा. कुणी माझ्याकडे ऑफिस टाइमला हलकं, स्वस्तातलं रोप म्हणालं की मी हे आवर्जून सांगते.

रंगांच्या बाबतीत या रोपाइतकं चंचल दुसरं मी हाताळलेलं नाही. राणी रंगाच्या कुंडीत एखादी फांदी अचानक केशरी फुलते, एखाद्या पाकळीवर पिवळा पट्टा उमटतो. अशी फांदी दिसली की मी तिला दोरा बांधते, फूल मिटल्यावर तेवढाच शेंडा बोटभर लांबीचा कापते, खालची पानं काढून तासभर सावलीत सुकू देते आणि वाळूत खोचते. मुळ्या फुटायला आठवडा-दहा दिवस पुरतात. बहुतेक काड्या पुढे तोच रंग देतात, काही परत राणीकडे जातात. बियांवर मात्र रंगाचा भरवसा ठेवता येत नाही, कारण सातेरी आणि फुलोरी माश्या सगळ्या वाफ्यांतून फिरत असतात. एक गोष्ट लहान मुलांना दाखवायला मला फार आवडते: उमललेल्या फुलाचे पुंकेसर आगकाडीने हलकेच एका बाजूने स्पर्शले तर ते हळूहळू त्या बाजूला झुकतात. माशी आत शिरते तेव्हा परागकण तिच्या अंगाला लागावेत म्हणून ही हालचाल. शाळेची सहल आली की मुलं या एका खेळात अर्धा तास रमतात.

बी धरायचं तर बोंड हिरव्याचं पिवळसर होतं त्याच दिवशी सकाळी खाली कागद धरावा. ऊन चढलं की टोपी उडते आणि बी मातीत जातं. ग्रँडिफ्लोराचं बी करड्या, धातूसारख्या चमकेचं. एका ग्रॅममध्ये सुमारे 10,000 भरतात. ते मातीने झाकायचं नाही, नुसतं दाबायचं, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. झारीने पाणी घातलं तर सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून ट्रे खालून पाण्यात ठेवायचा. रोप चार पानांचं होईपर्यंत पिलोसा, घोळ आणि ग्रँडिफ्लोरा सारखीच दिसतात, तेव्हा निंदणी करणाऱ्या बायांना मी थांबायला सांगते.

एकदा भाजीच्या वाफ्यात घोळीची पानं कुरतडलेली दिसली. काळसर, फांद्या फुटलेल्या काट्यांच्या अळ्या, डोक्यावर दोन शिंगं. मजूर औषध मारायला निघाला होता, मी त्याला अडवलं आणि काही अळ्या फांदीसकट बरणीत ठेवल्या. कोषातून निघाली ती डॅनेड एगफ्लाय. नर काळा, पंखांवर जांभळ्या झळाळीचे पांढरे गोल. मादी पाहून मात्र मी प्लेन टायगरचं फुलपाखरू बरणीत कसं शिरलं याचाच विचार करत बसले. प्लेन टायगर रुईवर वाढतं, पक्ष्यांना बेचव लागतं. ही मादी हुबेहूब त्याचं रूप घेते आणि वाचते. तिची अळी घोळीवर वाढते. रूपावरून ओळख पटवण्याचा धंदा करणाऱ्या माझ्यासारखीला त्या बरणीने पुष्कळ विचार करायला लावला. भाजीचा वाफा आता त्या अळ्यांसाठीही मोकळा असतो.

चिठ्ठ्यांचं काम अजून पुरं झालेलं नाही. सध्या बाजारात मोठ्या, दुहेरी फुलांचे, अर्धवट चपट्या पानांचे नवे वाण येतात. त्यांत दोन्ही जातींचा संकर असावा असं पानांवरून वाटतं, पण दुहेरी फुलात पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात आणि बहुतेकांना बी धरतच नाही. बोंड नाही म्हणजे कडंही नाही. अशा रोपांच्या चिठ्ठीवर मी रंग लिहिते, कुठून आलं ते लिहिते आणि खाली लिहिते, 'पोर्टुलाका, जात नक्की नाही'. काही गिऱ्हाइकांना ते खटकतं. शेजारच्या नर्सरीत त्याच रोपावर ठसठशीत नाव असतं. मी त्यांना पानाच्या बेचक्यातले तुरळक केस दाखवते, मला कशावरून शंका आहे ते सांगते. काहीजण तरीही शेजारी जातात, काही थांबून भिंग मागतात. यंदाच्या एप्रिलात त्यांतल्या एका पिवळ्या वाणावर दोन बोंडं धरली आहेत. फांदीला दोरा बांधला आहे, माश्यांनी दुसरा काही घोळ घालू नये म्हणून आता पुढच्या कळ्यांवर मलमलीची पिशवीही चढवली आहे. टोप्या वाळायला अजून आठवडा लागेल.